जुना पीसी सारखा हँग होतो, डिस्प्ले जातो: नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी काय काय तपासायचं

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, पुढे त्यालाच नुसतं 'कार्ड' म्हटलंय. आधी लक्षणं बघा. यातली एक-दोन जरी तुमच्या मशीनवर वारंवार दिसत असतील, तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

- काम चालू असताना स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते आणि कोपऱ्यात संदेश दिसतो की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे (ड्रायव्हर म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर).
- चित्र जागच्या जागी गोठतं, माउस हलत नाही, पण मागे गाणं चालूच असतं. किंवा आवाजही एकाच ठिकाणी अडकून घरघरत राहतो.
- निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं काहीतरी लिहिलेलं असतं.
- गेम किंवा मोठा व्हिडिओ लावला की निळी स्क्रीनसुद्धा न दाखवता मशीन सरळ रीस्टार्ट होतं.
- स्क्रीनवर रंगीत ठिपके, उभ्या रेघा, चौकटीचौकटींचं जाळं.
- पहिल्यांदा सुरू करताना डिस्प्ले येत नाही, पंखे मात्र फिरतात. एक लांब आणि दोन आखूड बीप येतात. दोन-तीनदा बंद-चालू केलं की सगळं ठीक.
- डिव्हाइस मॅनेजरमध्ये (मशीनमधल्या भागांची विंडोजमधली यादी) कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण, आत कोड ४३ किंवा कोड १२. किंवा कार्डाचं नावच नाही, त्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर', आणि सगळे आयकॉन अवाढव्य.

अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचे एक-दोन उपाय करून झालेले असतात. ड्रायव्हर पुन्हा टाकलेला असतो, कुणीतरी फॉरमॅट मारून दिलेला असतो, आणि त्यानंतर मशीन काही दिवस बरं चाललेलं असतं. माझ्या मते या प्रकारात सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच. उपाय लागू पडला होता, पण नंतर कशाने तरी तो मोडला. जुन्या मशीनमध्ये असे मोडते घालणारे ठरलेले आहेत. विंडोज अपडेट तुम्ही टाकलेला ड्रायव्हर बदलून टाकतं. मदरबोर्डवरचा सेल संपला की बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) सेटिंग मूळपदावर जातात. धूळ पुन्हा साचते. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणखी थोडा थकतो. तेव्हा प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी बघायच्या: बिघाड इथे आहे का, आणि इथे केलेली दुरुस्ती कोण मोडू शकतं.

सुरुवात करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. मशीन मधेच बंद पडतं तेव्हा डिस्कवर लिहिणं अर्धवट राहतं, आणि एखाद्या दिवशी विंडोजच उठत नाही. दुसरं म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती कागदावर लिहा. ड्रायव्हर, रॅम आणि केबल एकाच दुपारी बदलली आणि मशीन सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे?

हसू नका. कॅबिनेटच्या मागे डिस्प्लेची दोन ठिकाणं असतात. वरच्या बाजूला यूएसबी आणि ऑडिओच्या शेजारी असतं ते मदरबोर्डचं, म्हणजे ऑनबोर्ड (मशीनमध्ये मुळातच असलेल्या) ग्राफिक्सचं. खाली आडव्या पट्टीत असतं ते वेगळ्या कार्डाचं. साफसफाईनंतर केबल भलत्याच जागी जाणं अगदी नेहमीचं आहे. मग कार्ड आत बसून वीज खातं आणि चित्र ऑनबोर्डवरून येतं. काही मदरबोर्डांवर अशा वेळी दोन्ही चालू राहतात, विंडोजला दोन अ‍ॅडॅप्टर दिसतात, आणि गेम एकीकडे, पडदा दुसरीकडे असा घोळ होतो.

केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा, स्क्रू असतील तर आवळा. शक्य असेल तर दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावून बघा.

रेघा किंवा ठिपके दिसत असतील तर एक फुकटची चाचणी आहे. ते दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर उघडून बघा. फोनवरही रेघा दिसल्या तर त्या कार्डाच्या मेमरीत किंवा ड्रायव्हरमध्ये तयार होत आहेत. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर संशय केबल, मॉनिटर किंवा कार्डाच्या पोर्टवर.

त्याच्या जोडीने दुसरी चाचणी: मशीन सुरू होताना बायोसमध्ये जा आणि पाच-दहा मिनिटं तिथेच थांबा. बायोसमध्ये विंडोजचा ड्रायव्हर चढलेला नसतो. तिथेही ठिपके किंवा जाळी दिसली आणि दुसऱ्या मॉनिटरवरही तेच दिसलं, तर ड्रायव्हरच्या मागे लागून उपयोग नाही, बिघाड कार्डाच्या हार्डवेअरमध्ये आहे. सरळ कॅबिनेट उघडण्याच्या भागाकडे जा.

विंडोजने काय लिहून ठेवलंय ते वाचा

निळी स्क्रीन वाचण्याआधीच मशीन रीस्टार्ट होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ही खूण काढून टाका. आता स्क्रीन थांबेल आणि तुम्हाला फोटो काढता येईल.

मग स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्ट्री उघडा. तारखांच्या पट्टीवर लाल फुल्या दिसतात. कोणत्या तारखेपासून फुल्या सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, एवढं पाहिलं तरी अर्धा निकाल लागतो. तिथे एखादं ड्रायव्हर अपडेट दिसलं तर तुमचा माणूस सापडला.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दोन आकडे शोधा. ४१०१ म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अडकला आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही सोय (टीडीआर) आहे: कार्डाने दिलेलं काम २ सेकंदांत उरकलं नाही तर विंडोज कार्डाला रीसेट करतं. रीसेट जमलं तर तुम्हाला नुसती काळी झलक दिसते, जमलं नाही तर निळी स्क्रीन. एका मिनिटात पाचाहून जास्त वेळा असं झालं तरी निळीच. ही २ सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही. मुदत वाढवली की कार्ड तेवढंच अडकतं, फक्त तुम्ही जास्त वेळ वाट बघता.

दुसरा आकडा ४१, कर्नेल-पॉवर. हा पाहून लोक लगेच एसएमपीएस बदलायला निघतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. त्याच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा क्रमांक, बघा. तो शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं. शून्य नसेल तर त्याच वेळची निळ्या स्क्रीनची नोंद शोधून ती वाचा.

निळ्या स्क्रीनवर फाइलचं नाव आलं असेल तर 'एनव्ही'ने सुरू होणारी सहसा एनव्हिडियाची, 'एटीआय' किंवा 'एएमडी'ने सुरू होणारी एएमडीची, 'आयजीडी'ने सुरू होणारी इंटेलच्या ऑनबोर्डची. तुमच्याकडे एनव्हिडियाचं कार्ड असताना इंटेलच्या फाइलीवर मशीन पडत असेल तर दोघांतल्या भांडणाचा संशय घ्यायला ती जागा चांगली. आणि दर वेळी वेगळीच फाइल, वेगळाच कोड येत असेल, तर ड्रायव्हर निर्दोष असण्याची शक्यता मोठी. तिथे रॅम, वीज किंवा उष्णता बघायची.

ब्राउझरमध्येच मशीन अडकत असेल तर त्याच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून दोन दिवस चालवा. तक्रार थांबली तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर यांच्याकडे बोट जातं. ज्यांना फक्त मेल आणि कागदपत्रं एवढंच काम आहे, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

ड्रायव्हर मुळापासून काढणं

इथे जरा वेळ द्या, कारण परतणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

जुन्या मशीनला एका आयुष्यात दोन-तीन कार्डं लागलेली असतात. जुनं कार्ड काढलं तरी त्याचा ड्रायव्हर, त्याच्या सेवा आणि कंट्रोल पॅनेल विंडोजमध्ये राहतात. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस' करा आणि डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स उघडा. फिकट रंगात दिसतात ती कधीकाळी लावलेली कार्डं. एकावर एक ड्रायव्हर चढवत गेलं की हा गाळ साचतो.

क्रम असा ठेवा. आधी तुमच्या कार्डाचा नेमका मॉडेल बघून योग्य ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचं मोफत साधन आहे, तेही उतरवा. मग इंटरनेट तोडा, केबल काढा किंवा वायफाय बंद करा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच सगळं फसतं. ड्रायव्हर काढून मशीन रीस्टार्ट होतं, तुम्ही फाइल शोधेपर्यंत विंडोज अपडेट स्वतःचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं, आणि त्याच्यावर तुमचा चढतो. नेट तोडल्यावर सेफ मोडमध्ये (जुजबी ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) जा. विंडोज १० आणि ११ मध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ७ मध्ये सुरू होताना एफ ८. तिथे त्या साधनाने जुन्या सगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर पुसा, नेहमीच्या मोडमध्ये या, आणि उतरवलेला ड्रायव्हर टाका. शेवटी डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये जाऊन ड्रायव्हर आपोआप आणण्याला 'नो' करा, मगच नेट जोडा. हे 'नो' राहून गेलं तर काही दिवसांनी पुन्हा तिथेच याल.

कोणता ड्रायव्हर? नवा तो चांगला, हा हिशोब जुन्या कार्डाला लागू नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्स ८, ९, २०० आणि ३०० मालिकांसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, तो २०१६ चा. ४०० आणि ५०० मालिकांची नियमित गाडी ३९१ वर थांबली. ६०० आणि ७०० मधली बरीचशी कार्डं ४७० वर. एएमडीने एचडी ५००० आणि ६००० मालिका २०१५ मध्येच जुन्यात काढल्या. या पलीकडचं काही कार्डावर लादायला जाऊ नका. ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी जी चकचकीत सॉफ्टवेअरं मिळतात, ती तर मशीनवरून आधी काढा.

एक बारकावा आणखी. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नेलची (विंडोजच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. त्यामुळे बिघडलेली अवस्था बंद-चालू करूनही जात नाही. ड्रायव्हर बदलल्यावर नेहमी 'रीस्टार्ट' करा. जुन्या मशीनवर मी फास्ट स्टार्टअप बंदच करून ठेवतो.

ऑनबोर्ड आणि कार्ड: एका म्यानात दोन तलवारी

राहतात तशा, पण घर कोणाचं हे बायोसमध्ये ठरवून द्यावं लागतं. बायोसमध्ये 'इनिट डिस्प्ले फर्स्ट', 'प्रायमरी डिस्प्ले' किंवा 'प्रायमरी ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर' अशा नावाचं सेटिंग असतं. तिथे 'ऑटो' असेल तर काढा आणि तुमच्या कार्डाच्या स्लॉटप्रमाणे पीसीआय एक्स्प्रेस, पीईजी किंवा फार जुन्या बोर्डावर एजीपी निवडा. ऑनबोर्डला वेगळा मॉनिटर लावलेला नसेल तर ऑनबोर्ड ग्राफिक्स 'डिसेबल्ड' करा. व्हिस्टा चालवणाऱ्यांसाठी हे सक्तीचंच समजा. त्या विंडोजमध्ये सगळ्या अ‍ॅडॅप्टरना मिळून एकच ड्रायव्हर चालायचा, त्यामुळे दोन कंपन्यांची कार्डं एकत्र नांदत नसत. विंडोज ७ पासून ही अट गेली.

लॅपटॉपवाल्यांनी हा परिच्छेद वाचून काही करू नये. दोन ग्राफिक्स असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पडदा ऑनबोर्डलाच जोडलेला असतो आणि वेगळी चिप तिच्यामार्फत चित्र पाठवते. तिथे दोन्ही ड्रायव्हर हवेतच.

आता सेल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. बायोसची सेटिंग आणि घड्याळ त्याच्यावर जगतात. तो संपला की सेटिंग मूळपदावर जातात, ऑनबोर्ड पुन्हा चालू होतं, प्रायमरी डिस्प्ले पुन्हा 'ऑटो', आणि भांडण पुन्हा सुरू. गंमत अशी की भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस बोर्डाला थोडी वीज देत राहतो, त्यामुळे मेलेला सेलही लपून जातो. बटण बंद केलं किंवा वीज गेली की दुसऱ्या दिवशी तक्रार हजर. 'लाइट गेली की पीसी बिघडतो' असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा घड्याळ बघतो. तारीख २००९ सालातली दिसत असेल तर सेल बदला, सेटिंग पुन्हा लावा. मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली गेलेला ठेवू नये.

कोड १२ चं प्रकरण वेगळं. त्याचा अर्थ, कार्डाला हवी तेवढी मेमरीच्या पत्त्यांची जागा मशीन देऊ शकलं नाही. ३२ बिट विंडोजमध्ये सगळं मिळून ४ जीबीचा पत्ता असतो आणि कार्डासाठी राखलेली जागाही त्यातूनच जाते. ४ जीबी रॅम घालूनही सव्वातीनच्या आसपास दिसते ती त्यामुळेच. बायोसमधून न वापरलेली सिरियल, पॅरलल पोर्ट आणि ऑनबोर्ड उपकरणं बंद करा, दोन कार्डं असतील तर एक काढा.

'कॉन्फ्लिक्ट' शोधायला लोक सिस्टिम इन्फर्मेशन उघडतात आणि 'कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग'मधली लांबलचक यादी पाहून घाबरतात. त्यात कार्ड आणि यूएसबी एकाच आयआरक्यूवर (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) दिसतं. पीसीआय स्लॉट आल्यापासून आयआरक्यू वाटून घेणं हा नियमच आहे. हाताने जंपर लावून आयआरक्यू द्यायचे दिवस त्याआधीच्या आयएसए कार्डांबरोबर गेले. त्या यादीवरून निकाल देऊ नका, पिवळा त्रिकोण आहे का तेवढं बघा.

विंडोज बाजूला ठेवून चाचणी

पेनड्राइव्हवर कुठलंही लाइव्ह लिनक्स घ्या, त्यावरून मशीन सुरू करा, इन्स्टॉल काही करू नका, आणि तासभर व्हिडिओ चालवा. तिथेही मशीन पडलं तर विंडोज सुटलं, हार्डवेअर धरा. सुरू होतानाच अडकत असेल तर बूट ओळीत 'नोमोडसेट' घालून बघा. त्याने सुरू झालं म्हणजे साध्या चित्रापुरतं कार्ड शुद्धीवर आहे, खऱ्या ड्रायव्हरच्या हाती गेलं की पडतं.

रात्री झोपताना मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं साधन, लावून ठेवा. एक पूर्ण फेरी तरी होऊ द्या. एकसुद्धा चूक आली तरी रॅम नापास, 'दोनच चुका आहेत, चालेल' असं नसतं. मग एकेक पट्टी वेगळी लावून नेमकी कोणती ते शोधा. ऑनबोर्ड ग्राफिक्स मशीनच्याच रॅममधून वाटा घेतं, त्यामुळे रॅमचा दोष हुबेहूब डिस्प्लेच्या दोषासारखा दिसतो.

आता कॅबिनेट उघडा

भिंतीचं बटण बंद, वायर काढलेली, मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जिरवा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल.

धूळ मोकळ्या जागेत ब्लोअरने उडवा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग खराब होतं. कार्डाच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही, बॅटरीचा उजेड टाकून बघावा लागतो. पंखा बोटाने फिरवून सोडा. लगेच थांबला किंवा करकरला तर त्याचे दिवस भरले.

मग कार्ड काढून पुन्हा बसवा. स्लॉटच्या टोकाला खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय ओढू नका. सोनेरी कडा मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसा, किस झटकून टाका, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. बसवताना खिट्टीचा आवाज यायला हवा. आणि पत्र्याचा स्क्रू आवळताना कार्डाच्या दुसऱ्या टोकाकडे डोळा ठेवा. स्वस्त कॅबिनेटांचा मागचा पत्रा थोडा वाकडा असतो, स्क्रू जसजसा आवळला जातो तसतसं कार्डाचं आतलं टोक स्लॉटमधून केसभर वर उचललं जातं. मशीन थंड असताना ते टेकतं, तापलं की सुटतं. हा दोष शोधायला महागडं काही लागत नाही, स्क्रू सैल करून एक दिवस चालवलं की कळतं. सकाळी डिस्प्ले न येणं आणि बीप वाजणं याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

उष्णता जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत साधनात बघा. रिकामं बसलेलं कार्ड ३५ ते ५० अंश, कामात ८०-८५ पर्यंत, इथवर काळजी नाही. ९० च्या पुढे जात असेल तर धूळ, पंखा आणि चिप व हीटसिंकमधली वाळलेली पेस्ट या क्रमाने बघा. पेस्ट बदलणं अवघड नाही, पण कार्ड उघडताना स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे सैल करावे लागतात, नाहीतर चिपचा कोपरा उडतो. कधी केलेलं नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

वीज

उष्णता आणि वीज यांचा फरक वेळेवरून ओळखता येतो. गेम सुरू करून पंधरा-वीस मिनिटांनी मशीन पडतं, आणि लगेच पुन्हा सुरू केलं तर आणखी लवकर पडतं: उष्णता. मशीन थंड असतानाही गेमचा पहिला जड प्रसंग येताच खटकन बंद: एसएमपीएस.

स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. ६ पिनची जोडणी आणखी ७५, ८ पिनची १५०. कार्डावर अशी जोडणी असेल आणि ती हार्ड डिस्कच्या वायरीवरून अडॅप्टर लावून घेतलेली असेल, तर तो अडॅप्टर हातात घेऊन नीट बघा. पिवळ्या वायरीजवळचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा पिन काळवंडली असेल तर तिथे ठिणग्या पडत आहेत, मशीन त्याच क्षणी वापरायचं थांबवा. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ मध्येच असली पाहिजे. बायोसमधला आकडा मशीन रिकामं असतानाचा असतो, जड कामाखालचा तो नव्हे.

जाता जाता मदरबोर्ड आणि कार्डावरचे उभे, डबीसारखे कॅपॅसिटर बघा. वरची टोपी सपाट हवी. फुगलेली असेल, किंवा बुडाशी तपकिरी खपली असेल, तर तो गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइट भरलेले कॅपॅसिटर मोठ्या प्रमाणात बाजारात आले होते, त्यामुळे त्या काळच्या बोर्डांवर हे हमखास बघायचं.

सगळं ठीक असूनही कार्ड पडत असेल तर घरच्या घरी शेवटची एक चाचणी उरते. आफ्टरबर्नरसारख्या साधनाने कार्डाचा कोअर आणि मेमरीचा वेग दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवा. तेवढ्याने ते शांत झालं तर कार्ड म्हातारं झालंय, आणि उतरवलेल्या वेगावर ते आणखी काही महिने काढू शकतं. जुन्या कार्डाला जाणूनबुजून तापवणाऱ्या ताणचाचण्या मात्र लावू नका. त्यात कार्ड गेलं तर ते आधीच नादुरुस्त होतं की चाचणीने गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

इथे हात थांबवा

एसएमपीएस उघडायचा नाही. वायर काढल्यानंतरही त्याच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या घरातला भार काही काळ राहतो, तो जीव घेऊ शकतो. तो बदलायचा असतो. जळल्याचा वास, धूर, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या: वायर काढा, पुन्हा लावून बघू नका, माणूस बोलवा, आणि झिणझिण्यांसाठी घरातलं अर्थिंग तपासणाराही. फुगलेले कॅपॅसिटर बदलायला सोल्डरिंगचा हात लागतो. बायोस अपडेट करताना मशीन पडलं तर बोर्ड जाऊ शकतो, त्यामुळे पडणाऱ्या मशीनवर ते स्वतः करू नका. आणि कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा जो जुना तोडगा फिरत असतो तो तर अजिबात नको: त्याने कार्ड सुधारलंच तर थोड्या दिवसांसाठी, आणि ज्यात अन्न शिजतं त्यात ती वाफ भरते.

चिप गरम करून देणाऱ्या दुकानदारी दुरुस्तीचंही तसंच. जुन्या कार्डावर त्यासाठी मोठी रक्कम घालू नये असं माझं मत. ऑनबोर्ड चालू असेल तर कार्ड काढून ठेवून त्याच्यावर आठवडाभर काम करा. ज्यांना गेम खेळायचे नाहीत त्यांना पुष्कळदा कार्डाची गरजच नव्हती असं दिसतं. आणि कार्ड काढल्यावरही मशीन पडत राहिलं, तर नवं कार्ड घेण्याचे पैसे वाचले.

टेक्निशियनकडे नेताना कागदावरची नोंद, निळ्या स्क्रीनचे फोटो आणि मेमटेस्टचा निकाल बरोबर न्या. दुसरा एसएमपीएस लावून आणि तुमचं कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये घालून, अशा दोन्ही चाचण्या करायला सांगा. दोन्ही न करता कुणी थेट मदरबोर्ड बदलायला सांगत असेल तर मशीन उचलून दुसरीकडे न्या.